बोय कुणीकडे निघते

पाणी आत घुसत होतं, आणि ते आत घेतलं होतं मी.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. भरती पूर्ण चढली होती. भरावाखालच्या तिन्ही पाइपांच्या तोंडावरच्या फळ्या मी काढायला लावल्या होत्या. समुद्राचं पाणी पाइपांतून धडधडत भरावाच्या आतल्या अंगाला पडत होतं आणि आम्ही सगळे वाकून त्यात मासे शोधत होतो. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. एक रबरी चप्पल आली. एक फुटका प्लास्टिकचा कॅन आला. मासा एकही नाही.

मागे जीप थांबली. आमचे साइट इंजिनियर मूर्तीसाहेब उतरले. म्हैसूरचे. हेल्मेटखालीसुद्धा भांग सरळ असलेला माणूस.

"सुभाष, मछली किधर है?"

"आएगी सर. पानी थोडा सेट होने दो."

"और मेरा ट्रेंच किधर है?"

ट्रेंच मी विसरलोच होतो. ट्रेंच म्हणजे पाइपलाइन पुरण्यासाठी खणलेला लांब चर. तो भरावाच्या आतल्या बाजूला होता. माणसांनी आठ दिवस पंप लावून तो कोरडा राखला होता. आता तिथं चर दिसत नव्हता. सपाट पाणी दिसत होतं आणि त्यावर शटरिंगच्या दोन फळ्या तरंगत होत्या.

"बंद करो! यल्ला, बंद करो सब!"

वाहत्या पाण्यात फळ्या परत खाचेत बसवायला पाऊण तास लागला. तोवर जे व्हायचं ते झालं होतं. फोरमन तावडेमामा कमरेपर्यंत भिजून वर आले, मिशी पिळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चप्पल कोणाची आसा ती ठेवा रे बाजूक. आज तेवढीच गावली."

लोक हसले. मी हसलो नाही.

आता हे काय चाललं होतं ते सांगायला हवं. मला लिहायची फारशी सवय नाही, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

ती आखातातल्या तेलाच्या भरभराटीची वर्षं होती. जुबैलला वाळूतून एक अख्खं कारखान्यांचं शहर वर येत होतं आणि त्याला लागणारी प्रत्येक वस्तू कुठून ना कुठून ट्रकनं यायची. आमची कंपनी लहान, ठेकेदाराची ठेकेदार. कतीफजवळच्या उथळ खाडीच्या एका कोपऱ्यातून ट्रक जावेत म्हणून मातीचा भराव घालून रस्ता करायचा आणि त्याच्या आतल्या अंगाला पाइपलाइन पुरायची, एवढं आमचं काम. कतीफला खजुराच्या बागा फार. बागांचं निचऱ्याचं पाणी एका रुंद नाल्यानं येऊन त्या कोपऱ्यात साठायचं आणि तिथून समुद्रात जायचं. आमच्या भरावानं त्याचं तोंड बंद केलं. पाण्याला वाट म्हणून भरावाखाली तीन सिमेंटचे पाइप टाकले होते. भरतीचं पाणी ट्रेंचमध्ये येऊ नये म्हणून दोन पाइपांची तोंडं फळ्यांनी पूर्ण बंद असायची. तिसऱ्याची एक फळी कमी असायची, म्हणजे रोजचं निचऱ्याचं पाणी वरून निघून जायचं. झावळ्या अडकू नयेत म्हणून त्या फटीला लोखंडी जाळी.

माझं पद गेज रीडर. समुद्राच्या बाजूला पाण्यात एक रंगवलेली पट्टी उभी केली होती, मोठ्या फूटपट्टीसारखी. पाणी कितीवर आहे ते दर तासाला वाचायचं आणि वहीत लिहायचं. या कामाला शिक्षण लागत नाही. पण मी कॉलेजचं एक वर्ष केलं होतं, सायन्सचं. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेलं कुणीच नव्हतं. वडील गेल्यावर व्हिसा आला तसा निघालो. कॅम्पात एक वर्ष कॉलेज म्हणजे फार झालं. लोक माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायचे, इकाम्याचे, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचे, फॉर्म वाचून घ्यायचे. त्यामुळे मला सगळंच कळतं असं लोकांना वाटायचं, आणि हळूहळू मलाही.

मासे या गोष्टीत आले ते अबू हसनमुळे.

अबू हसन कतीफचा कोळी. साठीचा असावा. त्याचे वडील खजूर घेऊन गलबतानं मुंबईला जात. तोही लहानपणी दोनदा गेला होता, म्हणून त्याला मोडकी हिंदी येत असे. भरावापासून हाकेच्या अंतरावर समुद्राच्या बाजूला त्याचा हदरा होता. हदरा म्हणजे खजुराच्या झावळ्यांचे दांडे चिखलात रोवून केलेलं कुंपण. एक लांब सरळ ओळ किनाऱ्यापासून आत जाते आणि तिच्या टोकाला बदामाच्या आकाराचं आवार असतं. मासा ओळीच्या कडेकडेनं जातो, आवारात शिरतो आणि परत फिरायची वाट त्याला सापडत नाही. पाणी उतरलं की माणूस चालत जाऊन मासे गोळा करतो. जाळं नाही, होडी नाही.

थंडीत तिकडे दोन-चार पाऊस होतात. पाऊस झाला की हदऱ्यात बियाह मिळायचे, टोपल्या भरभरून. बियाह म्हणजे आपली बोय. पण आमचा भराव झाल्यापासून गेल्या थंडीत त्याला काही मिळालं नव्हतं. त्यानं तक्रार केली. ज्या ऑफिसनं भरावाला परवाना दिला होता, त्यानं त्यात एक अट घातली: पावसाच्या वेळी माशांना वाट मोकळी ठेवावी.

मूर्तीसाहेब शाकाहारी. मासा म्हणजे त्यांच्या लेखी परवान्यातलं कलम नंबर अमुक. त्यांनी मला बोलावलं.

"तुम कोकण का है ना? बारिश में मछली का क्या होता है?"

हा प्रश्न मला विचारला गेला याचा मला इतका आनंद झाला की मी श्वास न घेता उत्तर दिलं. "सर, मछली चढती है!"

माझं गाव संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथं नदीला पहिलं लाल पाणी आलं की मासे खालून वर चढतात. ओढ्यात, पऱ्ह्यात, थेट शेतात. चढणीचे मासे म्हणतात त्यांना. वाटेत बांबूचा सापळा लावून बसायचं, एवढंच. हे मी चड्डीत होतो तेव्हापासून पाहिलेलं. मी साहेबांना कागदावर आकृती काढून दिली. इकडे समुद्र, इकडे नाला. पाऊस झाला की गोड्या पाण्याच्या ओढीनं बोय समुद्रातून येणार, भरावाशी अडणार. म्हणून भरती पूर्ण चढल्यावर फळ्या काढायच्या, म्हणजे ती पाण्याबरोबर आत जाईल. बाण काढले. साहेबांनी कागदावर सही केली.

त्या कागदाचं काय झालं ते वर सांगितलंच.

ट्रेंच उपसायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी साहेबांनी मला ऑफिसच्या केबिनमध्ये उभं केलं.

"मैंने तुमको पूछा, क्योंकि तुम पढ़ा-लिखा है."

"सॉरी सर."

"सॉरी से पंप नहीं चलता. एक और बार ट्रेंच में समुंदर आया, तो तुम स्टोर में बोल्ट गिनेगा. समझा?"

"समझा सर. लेकिन मछली का..."

"मछली का मैं उस ऑफिस को लिखेगा. वी ट्राइड. मछली नहीं आया. खलास."

मी बाहेर आलो. भरावावर अबू हसन बसला होता. त्याला मी टाळणार होतो, पण वाट एकच होती.

"तुम पानी उल्टा किया," तो म्हणाला.

मला वाटलं, तो ट्रेंचबद्दल बोलतोय. मी मान खाली घातली.

"एक बारिश गया," तो म्हणाला. बोटं दाखवली. "और एक आएगा, शायद दो. नहीं मिला तो हम लकड़ी निकालेगा." त्यानं हदऱ्याकडे हात केला. "बेटा कंपनी में ड्राइवर. बोलता है, अब्बा, गेट पे बैठो, कुर्सी मिलेगा, पंखा मिलेगा." मग म्हणाला, "हमारा दादा का है ये. हर साल नया लकड़ी. जगह वही."

त्याच्यासाठी मी काही करू शकलो असतो असं नाही, पण जे केलं होतं ते चुकलं होतं एवढं कळत होतं. कुठं चुकलं ते कळत नव्हतं.

ते कळलं शुक्रवारी.

शुक्रवार सुट्टीचा. त्या दिवशी कॅम्पात आम्ही मेसचं जेवत नसू, आमच्या खोलीत तावडेमामा रांधायचे. मामा देवगडचे, खाडीच्या तोंडावरचे. त्या सकाळी अबू हसननं सात-आठ बोय पाठवल्या. समुद्रातल्या नव्हत्या. भरावाच्या आत, नाल्यात पागून, म्हणजे हातानं फेकायचं जाळं टाकून मारलेल्या. मामांनी पहिली चिरली आणि ओरडले, "अरे, गाभोळी बघ!"

पिवळीधमक गाभोळी, बोटभर जाड. दुसरी चिरली. गाभोळी. तिसरी, चौथी. सगळ्या भरलेल्या.

"म्हणजे अंडी घालायला वर चढल्यात," मी म्हणालो. "बघा, मी म्हणत होतो..."

मामांनी सुरी खाली ठेवली. "मेल्या, तू डोंगरातलो. तुका खाडी काय ठावक? ती वर चढलेली नाय. ती वरच होती. गोड्या पाण्यात खाऊन-पिऊन माजली. आता गाभोळीन भरली, आता ती भायर जातली. दर्यात. बोय अंडी दर्यात घालता."

"बाहेर?"

"भायर! पाऊस पडलो, पाणी फुगला की ओहोटीबरोबर सगळी एकदम भायर. आमच्याकडे लहान पोराक पण म्हायत आसा."

मी कांदा चिरत होतो. तसाच थांबलो.

"मामा, मग तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात? मी फळ्या काढायला सांगितल्या तेव्हा?"

"तू इचारलंस? तू कागद घेऊन इलस. सायबाची सही. कॉलेजात गेलेलो माणूस. मी म्हटलं, आसात इथली वेगळी तऱ्हा." मग त्यांनी सुरीनंच खिडकीबाहेर समुद्राकडे दाखवलं. "आणि हदऱ्याचा तोंड बघलंस कधी? खय आसा?"

मी डोळ्यांसमोर आणलं. पाच महिने रोज त्या हदऱ्याकडे बघत मी पट्टी वाचत होतो. त्याचं तोंड किनाऱ्याकडे होतं. समुद्रातून येणाऱ्या माशासाठी तोंड समुद्राकडे हवं. किनाऱ्याकडे तोंड म्हणजे तो बाहेर जाणाऱ्या माशासाठीच बांधलेला. आमच्या नदीत सापळ्याचं तोंड खालच्या अंगाला असतं, मासा वर येतो म्हणून. इतकी साधी गोष्ट. मी भरतीला समुद्र आत घेतला आणि बाहेर निघालेल्या माशांच्या तोंडावर पाण्याचा लोट मारला. आणि उरलेले दिवस त्यांच्या वाटेवर जाळी.

कांदा तसाच टाकून मी पळत सुटलो. मामा मागून ओरडत होते, "अरे, कालवण कोण करतलो?"

अबू हसन हदऱ्याजवळ दांडे बांधत होता. मी धापा टाकत विचारलं, "मछली बाहर जाता है? अंदर से बाहर?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की सूर्य कुठून उगवतो. "बाहर. और किधर?"

मग मी सगळं विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्यानं हातांनी, काठीनं चिखलात रेघा काढून सांगितलं. पाऊस होतो, बागांचं पाणी नाल्यात येतं, आतलं पाणी चढतं आणि गढूळ होतं. बियाह गोळा होतात, थवाच्या थवा. पण ओहोटी लागेपर्यंत हलत नाहीत. ओहोटी लागली, आतलं पाणी बाहेर ओढायला लागलं की निघतात. पहिल्या तासात निघतात. त्यानंतर बाहेरची खाडी उथळ होते, मग थांबतात. पुढची ओहोटी, नाहीतर पुढचा पाऊस.

"पाइप में जाएगा?" मी विचारलं.

त्यानं ओठ वाकडे केले. "पाइप में पानी भरा, तो जाएगा. आधा पानी, आवाज़, तो नहीं जाएगा."

म्हणजे पाइप काठोकाठ भरलेला हवा. आतलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा वर हवं, पण फार वर नको, नाहीतर लोंढा होईल. आणि आत वर असेल तर समुद्र ट्रेंचमध्ये येणारच नाही! मासे बाहेर सोडायची वेळ आणि ट्रेंच वाचवायची वेळ एकच होती. हे लक्षात आलं तेव्हा मी चिखलात उभ्याउभ्या उडी मारली. अबू हसन दोन पावलं मागे सरला.

अडचण एकच. आतलं पाणी कितीवर आहे हे मला माहीत नव्हतं. माझी पट्टी बाहेर होती. आत कुणी लावलीच नव्हती. आतल्या पाण्याशी कुणाला काय करायचं होतं?

शनिवारी मी स्वतः एक पट्टी रंगवली आणि भरावाच्या आतल्या बाजूला ठोकली. सर्व्हेवाल्याला विनवून दोन्ही पट्ट्यांचा शून्य एकाच पातळीला जुळवून घेतला. दोन रकान्यांत वाचायला लागलो. आठवड्याभरानं ती वही घेऊन मूर्तीसाहेबांकडे गेलो.

"फिर से मछली?"

"सर, मछली नहीं. लेव्हल."

हे शब्द कामाला आले. मासा म्हटलं असतं तर त्यांनी वही उघडलीच नसती. लेव्हल म्हटल्यावर चष्मा लावला.

"ये देखो सर. भरती के बाद एक टाइम आता है, अंदर-बाहर बराबर. उसके बाद अंदर ऊपर रहता है. तब खोलेगा तो समुंदर नहीं आएगा. उल्टा, बारिश का पानी ट्रेंच के पास से निकल जाएगा. नहीं खोलेगा तो ट्रेंच में वो पानी आएगा."

ते बराच वेळ आकडे बघत राहिले. "ये पहले क्यों नहीं बोला?"

"पहले एक ही पट्टी था सर."

"और मछली?"

"वो बाहर जाती है सर. मैं गलत था."

असं साहेबाला तोंडावर सांगणं मला फार जड गेलं. त्यांनी चष्मा काढला. "ट्रेंच में नमकीन पानी का एक बूंद... बोल्ट. याद है?"

"याद है सर."

नंतर अकरा दिवस आभाळ कोरडं. मी रोज वर बघायचो. मामा म्हणायचे, "मान मोडतली तुझी." अबू हसननं काही दांडे उपटून किनाऱ्यावर रचलेसुद्धा होते. मी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी पहाटे पत्र्यावर आवाज झाला. आधी वाटलं वाळू. मग वास आला. मी उठून बाहेर धावलो. पाऊस! तिरका, जाड थेंबांचा, आणि हुफूफच्या दिशेला, म्हणजे आतल्या वाळवंटाकडे, आभाळ काळं मिट्ट.

सात वाजता आतली पट्टी वाचली. पाणी बोटभर चढलं होतं. आठ वाजता चार बोटं. बागांतून लाल-तपकिरी पाणी येत होतं, झावळ्या, खजुराच्या बिया, कचरा. बाहेर भरती चढतच होती. समुद्र अजून वर होता, आत खाली. फळ्या बंद.

नऊ वाजता ट्रेंचच्या काठाला पाणी टेकलं. पावसाचंच पाणी. मूर्तीसाहेब रेनकोट घालून आले.

"खोलो!"

"नहीं सर."

हे मी बोललो यावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना. "बाहर अभी आठ सेंटीमीटर ऊपर है सर. खोलेगा तो समुंदर आएगा."

ते पंपवाल्यांकडे गेले.

साडेनऊ. भरती थांबली. मी दोन पट्ट्यांमध्ये धावत होतो. भरावाच्या या अंगाला उतरायचं, वाचायचं, चढायचं, त्या अंगाला उतरायचं. बाहेर तेवढंच. आत दोन वर. पुन्हा. बाहेर एक खाली. आत एक वर. कपडे अंगाला चिकटले होते, वही प्लास्टिकच्या पिशवीत. अबू हसन हदऱ्याच्या टोकाशी मांडीभर पाण्यात उभा होता, आमच्याकडे तोंड करून. हलत नव्हता.

दहा वाजून दहा मिनिटं. आत-बाहेर सारखं!

"मामा, जाळी काढा!" जाळी निघाली.

पुढची पाच मिनिटं फार लांब होती. मग आत दोन बोटं वर दिसलं. मी हात वर केला. "काढा! तिन्ही!"

फळ्या निघेनात. इतके दिवस पाण्यात राहून लाकूड फुगलं होतं आणि आता आतलं पाणी त्यांना बाहेर रेटत होतं. मामांनी पहार घातली. चार माणसं लटकली. फळी जागची हलेना. मामांनी त्या फळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी नाही. मी घड्याळ बघत होतो. पहिला तास म्हणाला होता अबू हसन.

"हटो!" मागून आवाज आला. मूर्तीसाहेबांनी एक्स्कॅव्हेटर आणला होता. पेशावरचा ऑपरेटर, काम नाजूक. त्यानं त्या राक्षसी हाताच्या टोकाला साखळी लावली, मामांनी ती फळीच्या कडीत अडकवली आणि फळी चिमटीनं काडी उचलावी तशी वर आली. दुसरी. तिसरी. पहिला पाइप मोकळा झाला. मग दुसरा. मग तिसरा.

पाणी शांतपणे बाहेर सरकलं. आवाज नाही. पाइप काठोकाठ भरून. समुद्राच्या निळसर पाण्यात तपकिरी जीभ पसरत गेली.

आणि काहीच झालं नाही.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. पावसात आम्ही वीसेक माणसं भरावावर उभी. कुणी तरी मागून म्हणालं, "चप्पल बघा आली का." कुणी हसलं नाही. मला बोल्टांची बॅरल दिसायला लागली.

मग अबू हसननं हात वर केला. बोट ओठांवर ठेवलं. आणि दुसऱ्या हातानं आमच्या मागे, आतल्या पाण्याकडे दाखवलं.

आतलं पाणी थरथरत होतं. वाऱ्यानं नव्हे, पावसानंही नव्हे. गढूळ पाण्यावर बारीक शेकडो रेघा, सगळ्या आमच्या दिशेनं. पहिल्या पाइपाशी येऊन त्या थांबल्या, मागे वळल्या, परत आल्या. मग एक नाहीशी झाली.

बाहेरच्या बाजूला तपकिरी पाण्यातून एक बोय हातभर उंच उडाली!

"आली रे आली!" मामा ओरडले. आणि मग त्या आल्याच. तिन्ही पाइपांतून, एकीवर एक, चांदीसारख्या लखलखत. उड्या मारत, एकमेकींना ढकलत. पाण्याला मासे होते म्हणण्यापेक्षा माशांना थोडं पाणी होतं. लोक नाचत होते. ऑपरेटर केबिनच्या टपावर चढला होता. एक बोय चुकून भरावावर पडली. मूर्तीसाहेबांनी आयुष्यात कधी मासा हातात धरला नसेल. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, गरम भांडं धरावं तशी, आणि पाण्यात सोडली. "गो, गो!" म्हणाले. मग आम्ही बघतोय हे लक्षात येऊन हात रेनकोटला पुसले.

थव्यातल्या बऱ्याच सरळ खोल पाण्यात गेल्या. पण हदऱ्याच्या ओळीशी ज्या अडल्या, त्या कडेकडेनं आवारात शिरल्या. आवार उकळत्या भांड्यासारखं झालं. पाणी उतरत गेलं तसतसे आम्ही सगळेच चिखलात उतरलो, टोपल्या भरायला. अबू हसन मध्ये उभा राहून हुकूम सोडत होता. अरबी, हिंदी, जे तोंडाला येईल ते. त्याचा मुलगा पिकअप घेऊन आला आणि युनिफॉर्मची पँट दुमडून उतरला. नवव्या टोपलीनंतर अबू हसननं चटईचा तुकडा आवाराच्या तोंडाला लावला.

"खलास."

"अजून येतायत की!" मामा मराठीतच म्हणाले.

"खलास," तो परत म्हणाला. मग माझ्याकडे वळला, चिखलानं भरलेल्या हातानं माझी मान पकडली आणि कपाळावर ओठ टेकले. तिकडे वडीलधारी माणसं असं करतात. मला रडू आलं. पाऊस होता म्हणून बरं.

ट्रेंचमध्ये घोटाभर पाणी साठलं होतं. मूर्तीसाहेबांनी खाली उतरून त्यात बोट बुडवलं आणि चाखलं. "मीठा है," म्हणाले. एवढंच.

त्या थंडीत आणखी एक पाऊस झाला. तेव्हाही तसंच केलं आणि तेव्हाही बोय निघाली. किनाऱ्यावर रचलेले दांडे अबू हसननं परत रोवले. पक्का रस्ता झाला तेव्हा मूर्तीसाहेबांनी पाइपांऐवजी रुंद, खालच्या पातळीची चौकोनी मोरी बांधून घेतली. वरच्या साहेबांना त्यांनी कारण दिलं ते निचऱ्याचं. माशांचा उल्लेख केला नाही. मी करार संपवून परत आलो तेव्हा हदरा जागेवर होता. पुढचं मला माहीत नाही. तिकडे भराव फार वेगानं पडत होते.

आता मी पुन्हा कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला. वर्गातल्या मुलांपेक्षा सहा वर्षांनी मोठा. विषय प्राणिशास्त्र घेतला आहे. बोय समुद्रात अंडी घालते हे पुस्तकात दीड ओळीत दिलेलं आहे.

या कामातून मी शिकलो ते असं. पाणी कुठं जाणार हे कळायला पट्ट्या दोन लागतात. आणि मासा कुठं जाणार हे कळायला पट्टी लागत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं तरी पुरतं. फक्त ते कागदावर बाण काढण्याआधी विचारावं.